क्लेमरसाहेबाची हाळी

(वडूजजवळचा मेंढवाडा. पल्लवीच्या मोबाइलवर पियानो वाजतो आहे.)

हरणाबाई : बंद कर ते. चोरीचा माल माझ्या दारात वाजवू नगंस.

पल्लवी : चोरी म्हणू नका, आजी. तुमच्या नातवानं, बिरदेवनं, हे तुमच्या घरचं गाणं आहे असं आमच्या संगीत संस्थेला लिहून कळवलं, म्हणून तर मी सांगलीहून आले. ही रचना ऑटो क्लेमरची आहे. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनी सोडून आला. साताऱ्यात मडमांना पियानो शिकवायचा. परत गेलाच नाही, इथंच वारला.

हरणाबाई : म्हाईत हाय. माझ्या खापरपणजीच्या मेंढवाड्यापाशी कागुद घिऊन बसायचा. मेंढरं बुजायची त्याच्या टोपीला.

पल्लवी : त्याच्या वहीत तिचं नाव नाही.

हरणाबाई : चोर कवा नाव लिवतो व्हय?

पल्लवी : पुरावा लागतो. रविवारी मी हे सांगलीत वाजवणार आहे, पत्रिका छापून झाल्यात. नुसत्या तुमच्या सांगण्यावर तिचं नाव कसं घालू?

हरणाबाई : आन् त्याचं घातलंस ते?

पल्लवी : त्याच्याजवळ कागद आहे.

हरणाबाई : व्हय, आमच्याजवळ नुसती मेंढरं. लाव परत... थांब. ही मधीच बोंब कसली?

पल्लवी : तो उंच सूर? तीच तर या रचनेची खूण. देश सुटल्याचा आकांत म्हणतात त्याला.

हरणाबाई : कोण म्हणतं?

पल्लवी : अभ्यासक.

हरणाबाई : त्यांनी कवा कोकरं पाजल्यात? सांजच्याला कोकरं सोडली की आमी हे गाणं म्हणतो. येखादं भलत्याच मेंढीला लुचाया लागलं, की गाणं सोडून हाळी द्यायची. आयक. हुर्रऽऽ येऽऽ!

पल्लवी : ...पुन्हा द्या.

हरणाबाई : न्हाई देत. मेंढ्या उठल्या बघ तिकडं.

पल्लवी : सूर तोच आहे. अगदी तोच. म्हणजे हाळीसुद्धा त्यानं गाणं समजून उतरवली.

हरणाबाई : कान बरा हुता. अक्कल न्हवती.

पल्लवी : तिचं नाव काय होतं, आजी?

हरणाबाई : आता कशापायी? छापल्यात नव्हं?

पल्लवी : प्रत्येक पत्रिकेवर हातानं लिहीन. त्याच्या नावाखाली.

हरणाबाई : खाली न्हाई. वर लिवणार आसशील तर सांगते.

पल्लवी : वर जागाच नाही.

हरणाबाई : मग परत छाप, आन् त्याला खाली सरकव. सात समिंदर वलांडून आला, आनखी दोन बोटं सरकंल.