सूज कुठाय गं?

…आणि वर म्हणतात, "ऊन खायला बसलीस? मज्जा आहे बाबा एका माणसाची!" तुम्हाला सांगते, आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत भर सकाळी खाली खुर्ची टाकून बसायला वाघाचं काळीज लागतं, आणि आमची शेजारीण रेवती परब म्हणजे घरात झुरळ दिसलं तरी त्याला आधी सॉरी म्हणणारी! अंग ठणकतंय तिचं, मान, खांदे, पाठ, कुठं म्हणून विचारू नका, आणि दुखण्याचं नाव काय, तर फायब्रोमायल्जिया! हे नाव तिनं तळमजल्यावर सांगितलं, ते वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मलेरिया झालं होतं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डी व्हिटॅमिन पार तळाला गेलंय, आत थोडी सूजही आहे. गोळ्या घ्या, उन्हात बसा. फरक पडेल बहुतेक, पण खात्री देत नाही हं."

सूज! त्या एका शब्दानं वाट लागली बघा. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई, नलिनीताई, मूळच्या मालवणच्या, चष्मा पुसत पुढं सरसावल्या, "खंय आसा? दाखय माका!" आता आतली सूज दाखवायची कशी? नवरा सुयोग मोबाईलमधून मान वर न काढता, "कुठाय? दिसत तर नाही यार." खालची श्वेता, "कुठाय गं? उलट बारीक झालीयस, झकास!" सगळ्यांचं एकच… कुठाय?

बरं, उन्हात बसायचं तर ऊन नको? समोर टॉवर उभे, ऊन पडतं ते फक्त गेटपाशी, वॉचमनच्या केबिनसमोर, म्हणजे जाणारा-येणारा प्रत्येक जण बघणार! वर सासू गॅसपाशी उभी राहून भाकऱ्या थापतेय आणि सून खाली बाह्या वर करून ऊन खातेय… लाज वाटायची हो तिला, इतकी लाज, की दुखणं परवडलं!

मग एक दिवस काय केलंन् बाईनं? मेडिकलमधून ती ताणायची क्रेप पट्टी आणली आणि डाव्या पायाला गुंडाळली. का म्हणून काय विचारता? दिसावं म्हणून!

आणि काय चमत्कार! वॉचमन गुणाजी धावत आला, "वहिनी, ऊन लागतंय तुम्हाला," म्हणून डोक्यावर छत्री धरून उभा! घ्या! आता खा ऊन! श्वेतानं सोलकढी पाठवली. सुयोग म्हणाला, "अगं, आधी बोलली का नाहीस?" बोलली का नाहीस! वर्षभर दुसरं काय बोलत होती ती?

पण कहर केला सासूबाईंनी. रोज संध्याकाळी तेल कोमट करून जमिनीवर बसायच्या, कण्हत कण्हत, आणि सुनेचा पाय मांडीवर घ्यायच्या. नुसता हात लागला तरी रेवतीच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि खरं सांगू? ते दुखण्याचं कमी, शरमेचं जास्त. आपण या बाईला फसवतोय, हे तिला गिळवेना. शेवटी बोललीच, "आई, पायाला काही झालेलं नाही. सगळं अंगच दुखतं माझं. कुणाला पटत नव्हतं, म्हणून मी पट्टी…"

सासूबाईंचा हात थांबला नाही. "माका ठावक आसा. काल डाव्या पायाक होती, आज उजव्याक इली. सूज काय फिराक गेल्ली?"

रेवतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तेल का लावलंत?"

"दुखता तां काय खोटां नाय. तोंडार दिसता." मग तेलाचा हात पदराला पुसला आणि हळूच म्हणाल्या, "उद्या ती पट्टी माका दी. माझे गुडघे कितकी वर्सां ओरडतत… कोण इचारता?"

आणि तुम्हाला सांगते, आता मात्र रेवती खरी मेली लाजेनं! कारण रोज तिच्या डोळ्यांदेखत भिंतीला धरून उठणाऱ्या या बाईला तिनं तरी कधी विचारलं होतं, कुठं दुखतंय म्हणून?

आता दोघी खाली बसतात, खुर्चीला खुर्ची लावून. डॉक्टरीणबाई म्हणतात, डी वाढलंय, ठणकाही थोडा कमी आहे. परवा सुयोग म्हणाला, "मग सोड की आता ती पट्टी!"

रेवती म्हणाली, "मी काय सोडू? आज आईंचा वार आहे!"