गुलाबी नळी

(दुपार. केस कापण्याचं दुकान, शटर अर्धं खाली.)

छोटी : आठ दिवस दुकान बंद ठेव असं मी म्हटलं होतं का, दादा?

दादा : तू रक्ताचा आकडा सांगितलास तेवढं पुरे झालं. वस्तरा लोकांच्या गळ्यावरून फिरतो, छोटे. मी भाजी चिरत नाही.

छोटी : तो आकडा चुकीचा आहे.

दादा : काय?

छोटी : म्हणजे असेल. त्याला काही अर्थच नाही. मी घोळ घातलाय.

दादा : बारा वर्षं त्या लॅबमध्ये पार्किन्सन्सवाल्यांचं रक्त तपासतेस, आणि घोळ?

छोटी : तू लॅबमध्ये यायला तयार नव्हतास. म्हणून मी तुझ्या स्वयंपाकघरात रक्त काढलं. शीर सापडेना, तू हात मागे घेत होतास. मी बारीक सुई घातली आणि जोरात ओढलं. वर नळी पिशवीत टाकून स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून नेली.

दादा : मग? खड्ड्यांतून नेलं म्हणून ते शेजाऱ्याचं झालं का?

छोटी : तांबड्या पेशी फुटतात रे. आम्ही जे प्रोटीन मोजतो, ते त्या पेशींतच खच्चून भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की वर पिवळसर पाणी यायला हवं. तुझं गुलाबी आलं.

दादा : हे तुला आज कळलं?

छोटी : नाही. त्याच दिवशी दिसलं.

दादा : आणि?

छोटी : परक्याची नळी गुलाबी दिसली की मी बाजूला काढते, माणसाला परत बोलावते. तुझी काढवेना. तुझ्या हातातून कात्री निसटली हे ऐकल्यापासून मला बाबाच दिसत होते. शेवटी शेवटी त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. मला दुसऱ्या दिवसापर्यंत धीर धरवला नाही. आकडा आला, माझं धाबं दणाणलं आणि मी सरळ तुला फोन केला.

दादा : आठ दिवस तुझ्या वहिनीला पाठ दुखतेय म्हणून सांगतोय मी. ती बाहेर गेली की आरशापुढे हात धरून उभा राहतो. किती वेळ स्थिर राहतात ते बघत.

छोटी : मार मला हवं तर.

दादा : त्यालाही हात स्थिर लागतो.

छोटी : दादा!

दादा : बरं, मग मला काही झालेलं नाही? स्पष्ट सांग.

छोटी : तेही नाही सांगता येत. नळी चांगली निघाली तरी त्या एका आकड्यावर कुणी निदान करत नाही. डॉक्टर तुला चालायला लावतील, तुझे हात बघतील.

दादा : म्हणजे वाईट का होईना, उत्तर होतं. तेही काढून घेतलंस. मला आत्ता जास्त भीती वाटतेय, छोटे.

छोटी : मलाही. उद्या सकाळी चल. आधी डॉक्टर, मग रक्त. मी नाही काढणार. दुसरं कुणीतरी काढेल, तिथल्या तिथे, नीट. मी फक्त...

दादा : बाहेर थांबू नकोस.

छोटी : नाही थांबणार.

दादा : आणि नळीकडे बघून चेहरा पाडू नकोस. मी तुझ्याकडेच बघत असेन.