अकरा संचालक आणि एक म्हैस

वेबसाइटची रचना लवचिक असावी, असे तुम्ही आत्ता म्हणालात. ती चूक मी नव्व्याण्णव साली इंदापुरात करून बसलो आहे. पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपले होते आणि एका दूध संस्थेची वेबसाइट मी तयार केली होती. उद्घाटनाला बारामतीच्या एका कॉलेजचे प्राचार्य येणार होते. त्यांना काम पसंत पडले, तरच कॉलेजची वेबसाइट मला मिळणार होती.

आठवडाभर आधी मी संचालकांना सविस्तर समजावले, "फोटो, रंग, आकार, जागा, सगळे तुम्ही स्वतः बदलू शकता."

अध्यक्ष तात्यांनी खात्री करून घेतली. "म्हंजी माझा फोटो मोठा करायला तुमाला इचारायचं न्हाय?"

"अजिबात नाही."

या नेमक्या उत्तराचा अकराही संचालकांनी लाभ घेतला. प्रत्येकाने संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर गुपचूप येऊन आपला फोटो शेजाऱ्याच्या फोटोपेक्षा किंचितच मोठा केला. उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर अकरा चेहरे मावेनासे झाले होते. मी मधोमध लावलेला म्हशीचा फोटो कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला होता आणि दूध कुठेच नव्हते.

प्राचार्यांनी बराच वेळ पाहिले. "ही दूध संस्थेचीच ना?"

"व्हय की," तात्या म्हणाले. "म्हशीला मतदान न्हाय, म्हून ती बारीक."

प्राचार्यांनी मला बाजूला घेतले. मी दिलगिरीचे वाक्य मनात जुळवत होतो.

"कॉलेजचं काम तुम्हीच करा," ते हळूच म्हणाले. "अगदी असंच लवचिक. फक्त बदलायची सोय माझ्या एकट्याकडं ठेवा."