खारीक, खसखस आणि डाव्या खणातली ट्यूब

आदरणीय अध्यक्ष श्री. भीमराव साळवे सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या डॉक्टर हिरा ओव्हाळ, इतकी वर्षं त्यांच्या दवाखान्याचा उजवा हात असलेल्या नंदाताई, कोथरूडमधल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि टोपल्यांतून, पिशव्यांतून, मालकांच्या मांडीवर बसून आलेल्या डॉक्टरांच्या पेशंट मंडळींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दिगंबर परचुरे. डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरचं औषधांचं दुकान माझं. निवेदकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, तेव्हा चहावाल्यांनी आधण जरा उशिरा ठेवावं ही विनंती.

मघाशी डॉक्टरांना शाल पांघरली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या रांगेतल्या एका टोपलीत एकदम धावपळ झाली. ती टोपली माझ्या नातीची, कादंबरीची. आत खारीक आहे. खारीक म्हणजे तपकिरी रंगाची गिनीपिग, वय वर्षं चार. टाळी वाजली की ती दचकते. कादंबरीने लगेच टोपलीवर ओढणी टाकली, हे काही जणांनी पाहिलं असेल. आणि या उकाड्यातही पोरीने हातात रबरी हातमोजे का घातलेत, असाही प्रश्न पडला असेल. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण आधी डॉक्टरांविषयी बोलतो, नाहीतर म्हणाल, परचुरे सत्काराला आले आणि स्वतःचंच पुराण लावून बसले.

डॉक्टर ओव्हाळ इथे आल्या तेव्हा कुत्रा, मांजर आणि फार तर पोपट एवढेच पेशंट असायचे. आता घरोघरी ससे, हॅमस्टर, गिनीपिग. एवढासा जीव, पण त्याला गजकर्ण झालं की डॉक्टर त्याच्याकडे घोड्याइतकंच लक्ष देतात. केस गेलेल्या जागेच्या कडेचे चार केस चिमट्याने उपटायचे, काचेच्या बशीत ठेवायचे, बशीवर तारीख घालायची. औषध आजच सुरू करायचं, पण निकालाला चौदा दिवस थांबायचं. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो डॉक्टर, चौदा दिवस? पासपोर्टसुद्धा आठवड्यात येतो!" डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "मग पासपोर्ट चोळा त्याला."

आणि त्यांचं दुसरं एक वाक्य इथल्या प्रत्येकाने ऐकलं असेल. "केस परत आले म्हणजे बरं झालं असं समजू नका." वरून सगळं छान दिसत असतं, आत बुरशी शिल्लक असते. म्हणून दोन वेळा तपासणी साफ आल्याशिवाय त्या औषध थांबवत नाहीत. मला हे वाक्य गेली दोन वर्षं झोपू देत नाही.

का, ते सांगतो.

माझ्या दुकानात गल्ल्याच्या डाव्या हाताला एक खण आहे. त्यात खाजेच्या ट्यूबा असतात. आपल्यापैकी निम्म्यांनी तरी माझ्याकडून त्या नेल्या असतील. मान खाली घालू नका, दोष घेणाऱ्याचा नाही. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन मनगट दाखवतं, मी चिठ्ठी मागत नाही, डावा हात खणात जातो आणि ट्यूब बाहेर येते. दोन दिवसांत खाज थांबते. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. वर "परचुऱ्यांच्या हाताला गुण आहे" असं प्रशस्तिपत्र. अडतीस वर्षं हे ऐकल्यावर माणसाला आपण डॉक्टरच आहोत असं वाटायला लागतं. मला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या घरी दोन गिनीपिग होत्या. खारीक आणि खसखस. खसखस पांढरी, अंगावर बारीक करडे ठिपके, म्हणून ते नाव. कादंबरी तेव्हा नऊ वर्षांची होती. एका रविवारी आईचा डोळा चुकवून तिने खसखसला स्वतःच्या शाम्पूने आंघोळ घातली. आठवड्याभरात खसखसच्या नाकाशी आणि डोळ्याभोवती केस गेले, कोंड्यासारखे पापुद्रे दिसायला लागले. माझी सून स्वराली म्हणाली, "बाबा, समोर ओव्हाळ डॉक्टरांना दाखवून येऊ या." मी काय म्हणालो असेन? "एवढ्याशा उंदराला डॉक्टर कशाला? घरचं औषधांचं दुकान आहे!" आणि डावा हात खणात गेला.

पाच दिवस, दिवसातून दोनदा, मी माझ्या हाताने ती ट्यूब लावली. स्वराली कामावर, कादंबरी शाळेत असताना लावायचो. घरात कोणालाही सांगितलं नाही. बरं झाल्यावर सांगणार होतो, रुबाबात. दुसऱ्या दिवशी खाजवणं थांबलं. सहाव्या दिवशी चट्टा पाठीवर उतरला, कातडी लालबुंद. खारकेच्या कानामागचे केस गेले. कादंबरीच्या मनगटावर गोल चकंदळ उठलं. तेव्हा आम्ही सगळे रस्ता ओलांडून दवाखान्यात गेलो.

दवाखाना भरलेला होता. त्यातले चार जण माझी रोजची गिऱ्हाइकं. डॉक्टरांनी खसखसला उचललं, पाठ पाहिली आणि विचारलं, "याआधी काही लावलंय का?"

मी म्हणालो, "छे. नुसतं खोबरेल तेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "परचुरे, नीट आठवा. दुकानातलं काही लावलं असेल तर मला कळायला हवं. त्यावर माझं औषध ठरतं."

"काही नाही हो डॉक्टर."

त्यांनी केसपेपरवर तसं लिहून घेतलं. बशीत केस ठेवले, तारीख घातली, दोघींचं औषध सुरू केलं. अंथरूण रोज बदला, कडकडीत पाण्यात धुवा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका, असं बजावलं आणि कादंबरीला माणसांच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी खसखसने खाणं सोडलं.

गिनीपिग एक दिवस उपाशी राहिली तर तिच्या जिवावर बेतू शकतं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना होतं. त्यांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. नंदाताई दर दोन तासांनी बिनसुईच्या सिरिंजने तिच्या तोंडात पातळ चारा सोडत होत्या. डॉक्टर कारण शोधत होत्या. दात बघितले, पोट बघितलं, पुन्हा मला विचारलं. मी पुन्हा खोबरेल म्हणालो! आपल्या डोळ्यांसमोर एक बाई अंधारात चाचपडतेय, दिवा आपल्या खिशात आहे, आणि आपण तो काढत नाही. का? चार गिऱ्हाइकांसमोर पत जाईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच गेलो आणि ट्यूब टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटीसुलटी करून वाचली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"यात तीन औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. एक स्टेरॉइड, त्याने खाज दबते आणि खाली बुरशी मोकाट सुटते. एक बुरशीचं, ते या स्टेरॉइडपुढे अपुरं पडतं. आणि एक अँटिबायोटिक. हा प्राणी अंग चाटतो, परचुरे. पाच दिवस हे तिच्या पोटात गेलंय. पोटातले चांगले जंतू मेले की या जिवाचं खाणं थांबतं."

मी विचारलं, "आधी सांगितलं असतं तर वाचली असती?"

त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. पण मला दोन दिवस जास्त मिळाले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खसखस गेली.

खारकेला मी ट्यूब लावलीच नव्हती, ती वाचली. दीड महिना औषध, दर आठवड्याला औषधी पाण्याची आंघोळ, आणि रोजचं अंथरूण मी धूत होतो. बाल्कनीत ते वाळत घालताना शेजारी म्हणायचे, "आजोबा असावेत तर असे!" मी हसून मान डोलवायचो. लाज वाटत होती आणि तरी हसत होतो. दोन्ही तपासण्या साफ आल्या. कादंबरीचं मनगटही बरं झालं. बाहेरून सगळे केस परत आले म्हणा ना.

पण कादंबरीने हातमोजे काढले नाहीत. डॉक्टरांनी ते दीड महिन्यासाठी सांगितले होते, आज दोन वर्षं झाली. खारकेला मांडीवर घेत नाही. लांबून गवत देते, लांबूनच बोलते. तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "माझ्या आंघोळीमुळे खसखस मेली ना?" डॉक्टर नाही म्हणाल्या. तिचा विश्वास बसला नाही. मोठी माणसं समजूत काढायला असंच बोलतात, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "तिला नुसतं 'नाही' म्हणून पुरणार नाही, तिला कारण हवंय. कारण तुम्ही आहात. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

त्यानंतर मी समोर कधीही दिसलो की त्यांचा एकच प्रश्न. "सांगितलंत?" मी रस्त्याची बाजू बदलली. दुकानाचं शटर उघडताना पाठ करून उभा राहायला लागलो. साठी उलटलेला माणूस अकरा वर्षांच्या मुलीला घाबरून दोन वर्षं काढतो, यावर आपण हसलात तरी माझी हरकत नाही.

गेल्या सोमवारी डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरवर एक कागद ठेवला. "दवाखाना बंद होतोय. नंदाताई सगळे जुने केसपेपर नव्या डॉक्टरांकडे देणार आहेत. या एका कागदावर मी चुकीची माहिती लिहिली आहे. दुरुस्त तुम्ही करायची." एवढं बोलून गेल्या.

तो कागद हा. खसखसचा. "आधीचे उपचार" या ओळीपुढे डॉक्टरांचं अक्षर आहे, "खोबरेल तेल, मालकांच्या सांगण्यावरून." आज सकाळी मी ती ओळ खोडली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं. वाचून दाखवतो. "खोबरेल लावलेलं नव्हतं. दुकानातली तीन औषधांची ट्यूब पाच दिवस लावली आणि विचारल्यावर तीनदा खोटं बोललो. दिगंबर परचुरे." नंदाताई, हा घ्या आपला कागद.

स्वराली, तू उठू नकोस. मला माहीत आहे तुला आत्ता काय वाटतंय, घरी बोल. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर.

कादंबरी, बाळा, इकडे बघितलं नाहीस तरी चालेल, नुसतं ऐक. हे मी तुला घरी एकटीला सांगायला हवं होतं. पण एकटीला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आजोबाही समजूतच काढतायत. म्हणून चारचौघांत सांगतो, ज्यांच्यापुढे पत राखायला मी खोटं बोललो त्यांच्याच समोर. ओल्या अंगावर बुरशीचं फावतं, हे खरं. पण बुरशी औषधाने बरी होते, खारीक झाली की नाही? खसखस तुझ्या आंघोळीने गेली नाही. माझ्या ट्यूबने गेली, आणि मी गप्प बसलो म्हणून गेली. तू तिला मारलं नाहीस. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव. नाही केलंस तरी ती दुकानातली उधारी नाही, मी मागायला येणार नाही.

डॉक्टर, आपण दिलेली मुदत मी शेवटच्या दिवसापर्यंत ताणली. आपल्या बशीतला निकाल चौदा दिवसांत येतो, मला दोन वर्षं लागली. आपण माझी लाज राखलीत, मी ती ठेवण्याच्या लायकीचा नव्हतो. आपले उपकार मोठे आहेत. डावा खण कालच रिकामा केला. आता चिठ्ठीशिवाय त्यातलं काही मागू नये, मिळणार नाही.

अध्यक्षांनी एवढा वेळ दिला, संयोजकांनी मला बोलावलं, आपण सगळ्यांनी चहा लांबवून ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. वक्त्याने शेवटी म्हणायचं असतं, काही चुकलं असेल तर पदरात घ्या. मी "असेल तर" म्हणू शकत नाही. चुकलंय.

आणि एक शेवटची विनंती. तिसऱ्या रांगेत कादंबरीने हातमोजे काढून खुर्चीवर ठेवलेत. टोपलीवरची ओढणी बाजूला केलीय, हात आत घातलाय. माझ्याकडे बघत नाहीये, बरोबर आहे तिचं. घेतलं, मांडीवर घेतलं तिने.

कृपा करून कोणी टाळ्या वाजवू नका. खारीक दचकते.