चार रांगा मागे

ऋता : पण तू त्या थिएटरात होतासच कसा?

अभय : तिकीट काढून. शनिवारी, साडेचारचा शो. आपल्या फोनवरच्या दोघांच्या कॅलेंडरवर तूच लिहिलं होतंस, ‘पिक्चर, विक्रांत’, थिएटरच्या नावासकट. त्यातून मला काढायचं राहून गेलंय तुझ्याकडून.

ऋता : आठ महिने झाले आपण वेगळे राहतोय. तू हौगांगच्या फ्लॅटवर, मी बेडोकच्या. आणि तू अजून माझं कॅलेंडर वाचतोस?

अभय : रोज सकाळी, चहाबरोबर. लोक पेपर वाचतात तसं.

ऋता : आणि येऊन मागे बसलास.

अभय : चार रांगा मागे. हाक मारणारच होतो, तेवढ्यात तुझे विक्रांतसाहेब पॉपकॉर्न घेऊन आले. तुला पॉपकॉर्न आवडत नाही हे अजून कळलेलं दिसत नाही त्यांना. बरं वाटलं मला.

ऋता : चार वाजता वर वकीलबाईंकडे जायचंय. साडेतीन झाले. आधी खाली कॉफी पिऊ म्हणालास, ते हे बोलायला?

अभय : हो. तीन वेळा टाळलं मी. एकदा ऑडिट सांगितलं, एकदा ताप. तिसऱ्यांदा तर खरंच आलो होतो, लिफ्टपर्यंत येऊन परत पाया लेबार स्टेशनला गेलो. आज घटस्फोटाच्या कागदावर सही करायची तर आधी विचारून घेऊ दे.

ऋता : विचार.

अभय : तो पिक्चर त्याने निवडला ना? अकाउंटंट असला तरी मराठी मंडळाची नाटकं बसवतो, त्याला कळतं असलं. नवरा घटस्फोट देत नाही, बायको कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. तुला बरोबर घेऊन बसला. शिकवणीच की.

ऋता : मी निवडला. तिकिटंही मीच काढली. त्याला विचारलं, येतोस का. तो आला.

अभय : म्हणजे तू नेलंस त्याला. हे तर त्याहून वाईट.

ऋता : पिक्चर कसा वाटला तुला?

अभय : चांगला होता. ज्यू लोकांचं धर्माचं कोर्ट, तीन दाढीवाले न्यायाधीश. अडीच तास एकच खोली.

ऋता : तो नवरा दर तारखेला काय मागतो?

अभय : वेळ मागतो. मुदत.

ऋता : नाव मागतो. ‘तो कोण आहे त्याचं नाव सांगा, मग देतो.’ त्यांच्यात नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने सोडल्याशिवाय बायको सुटत नाही. कोर्ट दटावू शकतं, पण त्याच्या वतीने सोडू शकत नाही. मग तिच्या शेजाऱ्याला बोलावतात, शिंप्याला बोलावतात, मुलाच्या मास्तरला बोलावतात. अकरा वर्षं. तिचं कोणीच नसतं.

अभय : मी मध्ये जरा बाहेर गेलो असेन तेव्हा.

ऋता : तू एकदा तरी पडद्याकडे बघितलंस का?

अभय : नाही.

ऋता : अडीच तास?

अभय : त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तुझा मांडीवर. मधलं अंतर बघत होतो मी. काय करू, जळत होतो. आतून नुसती आग. ह्या वयात, ह्या पगारावर, एका अकाउंटंटच्या कोपराकडे डोळे लावून बसलो होतो. तुला हसू येत असेल.

ऋता : नाही येत.

अभय : तिथे आलं होतं. अगदी शेवटी. खांदे हलत होते तुझे. तो वाकून काहीतरी बोलला आणि तू आणखी हसायला लागलीस. माझ्याबरोबर शेवटची अशी कधी हसलीस? मी आठवून पाहिलं, नाही आठवलं. दिवे लागायच्या आत निघून गेलो.

ऋता : मी रडत होते, अभय.

अभय : काहीतरी सांगू नकोस.

ऋता : मागून दोन्ही सारखंच दिसतं. तो वाकला ते टिश्यू द्यायला. बाहेर जाऊया का, असं विचारत होता.

अभय : मग तू कशाला रडत होतीस? त्या बाईसाठी?

ऋता : शेवट सांगते, तू पाहिला नाहीस. नवरा एकदाचा तयार होतो. त्यांची पद्धत अशी की बायकोने दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून उभं राहायचं. कागद ओढून घ्यायचा नाही, हलायचंही नाही. त्याने वरून तो सोडायचा आणि म्हणायचं, ‘आता तू कुठल्याही पुरुषाला मोकळी.’ तो म्हणतो, पण इतक्या हळू की न्यायाधीशांना ऐकूच येत नाही. ‘पुन्हा म्हणा.’ पुन्हा म्हणतो. ‘मोठ्याने.’ तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटतो. चांगला माणूस असतो तो. दारू पीत नाही, मारत नाही. नुसता सोडत नाही. मी त्याच्यासाठी रडले.

अभय : त्याच्यासाठी.

ऋता : हो.

(अभय कपातली थंड कॉफी उगाच ढवळतो.)

अभय : तरी विचारतो. विक्रांत आवडतो तुला?

ऋता : आवडतो.

अभय : त्याला सांगितलंस?

ऋता : नाही. तुला आधी सांगतेय. लपवून तुझी सही नको मला.

अभय : हे ऐकून सही करायची? मूर्ख आहे का मी? दोन महिने त्याला भेटू नकोस, तेवढं कबूल कर. लगेच वर येतो.

ऋता : नाही.

अभय : एक महिना.

ऋता : एक दिवससुद्धा नाही. उद्या भेटेन असंही नाही, भेटणार नाही असंही नाही. मी सही मागितली तेव्हा विक्रांतला ओळखतही नव्हते. तुला माहितीय ते.

अभय : माहितीय. म्हणूनच जास्त लागतं. तो नसतानाच तुला जायचं होतं. तो असला की निदान मला राग धरायला माणूस मिळतो.

ऋता : धर राग. माझी हरकत नाही. पण सही कर. ह्या वेळी परत गेलास तर मी पाचवी वेळ घेणार नाही. चार वर्षं वेगळी राहीन, नाहीतर तुझ्या वागण्याचं कारण देऊन एकटीने अर्ज करीन. त्यात तुझ्याबद्दल जे लिहावं लागेल, ते मला लिहायचं नाहीये.

अभय : वर काय विचारतात?

ऋता : आपलं आता जमणार नाही, हे दोघांना मान्य आहे का. समेटासाठी काय काय केलं. शपथ घ्यायची आणि सही. दहा मिनिटं.

अभय : नऊ वर्षांच्या संसाराला दहा मिनिटं.

ऋता : चार वाजायला आले.

अभय : चल. थांब, एक मागायचंय.

ऋता : अट नको, अभय.

अभय : अट नाही. मी सही करताना तू खोलीत असू नकोस. तू समोर असलीस की मी तुझ्याकडेच बघत बसतो, आणि मग हात चालत नाही.

ऋता : माझी सही आधी करून घेते. मग बाहेर थांबते.

अभय : निघून नाही ना जाणार?

ऋता : नाही. तू बाहेर येईपर्यंत थांबेन.