लेकराला परत जाड करा

(मोशीतला लहानसा दवाखाना, सकाळची वेळ. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर निशिगंधा, दुसऱ्या बाजूला भिमाबाई आणि तिचा मुलगा धम्मरत्न.)

भिमाबाई : ते कागद ऱ्हाऊ द्या डॉक्टरबाई. तुमी मह्या लेकराला पयल्यासारखं जाड करा, बास.

डॉक्टर : आजी, लोक माझ्याकडे बारीक व्हायला येतात.

भिमाबाई : येत असतील. त्येंच्या घरात कुणी वाळून मेलं नसंल.

धम्मरत्न : माय, गप ना जरा. मॅडम, हिनं मला पंधरा दिवसांपूर्वी उघड्या अंगानं बघितलं. गळ्याचं हाड दिसलं म्हणून तेव्हापासून झोपली नाही.

डॉक्टर : अहो, अजून सत्त्याण्णव किलो वजन आहे त्याचं!

भिमाबाई : एकशे चौदा व्हतं. फटफटीवर बसला की फटफटी दिसत नव्हती. ह्याचा बाप साहेबराव बी असाच गळ्यापासून उतरला. आधी हाड दिसलं, मग गाल बसले, मग माणूसच दिसंना.

डॉक्टर : त्यांना टीबी होता ना?

भिमाबाई : व्हय. भोसरीत फाउंड्रीला व्हता. मी लई उशिरा वळखलं. आता पुन्यांदा उशीर न्हाई करायची.

डॉक्टर : बरोबर आहे तुमचं. उगाच वजन उतरत असेल तर घाबरायलाच हवं. म्हणून विचारते. धम्मरत्न, संध्याकाळी ताप येतो? खोकला? जेवण नकोसं वाटतं?

धम्मरत्न : नाही हो. भूक तर सपाटून लागते. मीच हात आवरतो. कॅन्टीनला भाताचा दुसरा राउंड बंद केला. बसमधून एक स्टॉप आधी उतरतो, चालत येतो. माझ्या बायकोनं, मैत्रीनं, घरात तेलाची बरणीच लपवलीय.

भिमाबाई : सुनबाईनं तेल लपवलं अन् पोरगं लपवलं.

डॉक्टर : हे बघा आजी, आजारानं माणूस झडतो तेव्हा त्याची ताकद जाते. ह्यानं दीड वर्षात, हळूहळू, स्वतः कष्ट करून वजन उतरवलंय. ह्याच्या पोटात, लिव्हरवर चरबी बसली होती. त्यामुळे अंगातलं इन्शुलिन असून नसल्यासारखं झालं होतं. चरबी कमी झाली तसं ते पुन्हा कामाला लागलं. साखर खाली आली, बीपी खाली आलं. म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी मी ती साखरेची पिवळी गोळी बंद केली. आता फक्त पांढरी.

भिमाबाई : बंद कामून केली? बरं वाटायलं म्हणून?

डॉक्टर : त्याला आता तिची गरज नाही म्हणून.

भिमाबाई : साहेबराव बी असंच म्हणले व्हते. बरं वाटायलंय, आता गरज न्हाई. मी रोज इचारायची, गोळी घेतली का. ते व्हय म्हणायचे. ते गेल्यावर म्या त्येंची पँट धुवाया काढली, तर खिशात गोळ्याच गोळ्या.

डॉक्टर : टीबीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, आजी. त्या अर्ध्यात सोडायच्याच नसतात.

भिमाबाई : गोळी ती गोळी.

धम्मरत्न : झालं तुझं? मॅडम, रक्त घ्या आणि सोडा आम्हाला. मला सेकंड शिफ्टला चाकणला जायचंय.

भिमाबाई : आधी सांग त्यांना.

धम्मरत्न : काय सांगू?

भिमाबाई : तुझ्या कामावरचा त्यो रणजीत घरी येऊन सांगून गेला मला. तुला वाटलं, माय अडाणी, हिला काय कळतंय. सांग, न्हाईतर मी सांगते.

डॉक्टर : काय झालं, धम्मरत्न?

धम्मरत्न : काही नाही मॅडम. म्हणजे... मी फोर्कलिफ्ट चालवतो ना. परवा माल वर रॅकला लावत होतो. एकदम हात थरथरायला लागले. घाम सुटला, डोळ्यापुढं अंधारी. कुठला दांडा ओढला कळलंच नाही. मालानं भरलेलं अख्खं पॅलेट खाली.

डॉक्टर : कुणाला लागलं?

धम्मरत्न : रणजीत खाली उभा होता. त्याच्या बुटापाशी आलं.

डॉक्टर : बुटापाशी. आणि तू आज पुन्हा त्याच गाडीवर बसणार होतास?

धम्मरत्न : सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती मॅडम. लायसन्सवर पोट आहे माझं.

डॉक्टर : असं ह्याआधी झालं होतं?

धम्मरत्न : पंधरा दिवसांत तीन-चार वेळा. सकाळच्या शिफ्टलाच. वडापाव खाल्ला की जातं.

डॉक्टर : मला फोन करायचास ना! माझा नंबर आहे तुझ्याकडे.

धम्मरत्न : भ्यालो मॅडम. मला वाटलं, बाबांचंच माझ्यात आलंय. तुम्ही तपासलं की त्याचं नाव निघणार. नाव निघेपर्यंत बरं असतं.

भिमाबाई : आता बी बघा. कपाळ बघा त्याचं. धम्मा? ए धम्मा, मह्याकडं बघ!

धम्मरत्न : मॅडम, तुम्ही... दोन-दोन दिसताय.

डॉक्टर : हात इकडे. बोट सरळ कर, मूठ नको करू. आजी, त्याला खुर्चीत धरून ठेवा. थांबा... बावन्न!

भिमाबाई : बावन्न काय? डॉक्टरबाई, बावन्न काय?

डॉक्टर : साखर. फार खाली गेलीय. हे ग्लुकोजचं पाणी आहे, पी. घोट घोट, पण सगळं पी.

भिमाबाई : डायबिटीसच्या माणसाला साखर पाजायलात?

डॉक्टर : आत्ता नाही पाजली तर तो बेशुद्ध होईल. डोकं धरा त्याचं. पी धम्मरत्न, थांबू नकोस. शाबास.

भिमाबाई : लेकरा, गिळ. गिळ रे बाबा.

डॉक्टर : असंच बसू द्या. दहा-पंधरा मिनिटं. बोलत राहा त्याच्याशी.

भिमाबाई : काय बोलू? ए धम्मा, तुझं नाव काय?

धम्मरत्न : तूच तर ठेवलंस.

भिमाबाई : सांग पण.

धम्मरत्न : धम्मरत्न साहेबराव. पुढचं माहितीय तुला.

डॉक्टर : पंधरा मिनिटं झाली, आता पुन्हा बोट दे. चौऱ्याऐंशी. आली वर. पण मला हे कळत नाही. पांढऱ्या गोळीनं साखर इतकी खाली जात नाही. सकाळपासून पोटात काय गेलंय?

धम्मरत्न : काहीच नाही. तुम्हीच म्हणालात, रक्ताला उपाशी या. फक्त कारल्याचा रस. माय रोज करते, तो प्यायल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही.

डॉक्टर : नुसत्या रसानंही एवढं होणार नाही. पिवळी गोळी चुकून घेतलीस?

धम्मरत्न : शपथेवर नाही. दोन महिन्यांत हातही लावला नाही.

डॉक्टर : मग मला दुसरं बघावं लागेल. क्वचित कुणाच्या स्वादुपिंडात गाठ असते, तिच्यामुळे साखर अशी कोसळते. आजच मोठ्या हॉस्पिटलला पाठवते. पोटाचा स्कॅन लागेल.

धम्मरत्न : गाठ?

डॉक्टर : असेलच असं नाही म्हणत मी. पण बघावं लागेल.

धम्मरत्न : मैत्रीला फोन लाव माय. नको, नको लावू. ती कामावर आहे, तिथंच पडेल ती.

भिमाबाई : डॉक्टरबाई.

डॉक्टर : बोला.

भिमाबाई : त्या पिवळ्या गोळीनं असं व्हतं का?

डॉक्टर : होतं. म्हणूनच विचारलं. का?

भिमाबाई : कुटून दिली तर बी व्हतं?

धम्मरत्न : माय?

भिमाबाई : रसात टाकायची मी. खलबत्त्यात बारीक करून. कडू रसात काय कळतंय.

डॉक्टर : कधीपासून?

भिमाबाई : तुमी बंद केली तव्हापासूनच. रिकामं पाकीट दाखवलं की मेडिकलवाला देतो, काय इचारत न्हाई.

डॉक्टर : रोज एक?

भिमाबाई : पयले एक. मग हा लईच वाळायला लागला. मला वाटलं, दवा कमी पडायली. तव्हा पंधरा दिस झाले, दोन.

धम्मरत्न : दोन!

भिमाबाई : तुझा बाप खिशात टाकायचा रे. म्या म्हणलं, ह्याच्या पोटातच घालू, म्हंजी खिशात जायची न्हाई.

धम्मरत्न : रणजीतला दोन लहान पोरी आहेत, माय.

भिमाबाई : ठावं हाय मला.

धम्मरत्न : हातभर इकडं आलं असतं पॅलेट, तर मी काय तोंड घेऊन गेलो असतो त्यांच्या दारात?

भिमाबाई : बोल. मार मला. पण गाठ न्हाई ना डॉक्टरबाई? एवढंच सांगा. गाठ न्हाई ना?

डॉक्टर : नसावी. ह्या गोळ्यांनी सगळं जुळतंय. आजी, एखाद्या सकाळी हा उठलाच नसता. आधी शरीर जड होतं, साखर चढलेली होती, तेव्हा ती गोळी पचत होती. आता शरीर सुधारलंय. सुधारलेल्या माणसाला तेच औषध विष होतं. तुम्ही त्याला वाळताना बघत होतात. तो बरा होत होता.

भिमाबाई : मला बरं हुणारं माणूस कसं दिसतं ते ठावंच न्हाई, बाई. आमच्या घरात बारीक झालेलं कुणी माघारी आलं न्हाई.

डॉक्टर : गोळ्या कुठे आहेत?

भिमाबाई : ह्या घ्या. कमरेलाच असत्यात. समद्या घ्या.

डॉक्टर : आता नीट ऐका दोघंही. ही गोळी दिवसभर अंगात राहते. साखर पुन्हा खाली जाऊ शकते. तो आज घरी जाणार नाही. आतल्या कॉटवर झोपेल, मी तासातासाला बोट टोचणार. खाली जायला लागली तर सरळ अॅडमिट. आणि मी सांगेपर्यंत फोर्कलिफ्ट नाही.

धम्मरत्न : कंपनीला काय सांगू?

डॉक्टर : खरं ते. औषध जास्त झालं होतं. मी लिहून देते.

धम्मरत्न : रणजीतला मीच सांगतो. आत्ताच, फोनवर नको. भेटून.

डॉक्टर : आज नाही. आज झोपायचं. नुसतं ग्लुकोज टिकत नाही, आधी जेव. काही आणलंय?

भिमाबाई : रक्त दिल्यावर खायला म्हणून आणलंय. ज्वारीची भाकर, मेथी.

डॉक्टर : छान. द्या त्याला.

भिमाबाई : तुमी द्या.

डॉक्टर : मी?

भिमाबाई : मह्या हातचं नको आता त्याला. मी बाहेर बसते.

धम्मरत्न : कुठं निघालीस? बस खाली.

भिमाबाई : नको रे.

धम्मरत्न : तूच भरव. माझे हात अजून थरथरतायत.

भिमाबाई : मह्ये बी थरथरायलेत, बाळा.

धम्मरत्न : मग सावकाश भरव.