दोन पडदे आणि एक वांगी पैठणी

हं, टाळ मांडीवर ठेवा आता. मृदंगबुवा, तुम्हीसुद्धा — बोटं मोकळी करा, पाणी प्या. मी एकदा बोलायला लागलो की तुमची पाळी लवकर येत नाही, हे गावाला ठाऊक आहे!

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन आलोय. दोन माणसं भांडली की एक खरा आणि एक खोटा, असं आपण धरून चालतो. पंचायतीत तेच, कोर्टात तेच, स्वयंपाकघरात तर रोज तेच! पण समजा, दोघंही खरं बोलत असले तर? आपल्या डोळ्यांनी बघितलेलंच सांगत असले, आणि तरी एकमेकांचं तोंड बघायला तयार नसले — तर चूक कुणाची? सांगा बघू!

गप्प? मागचे काका तर डुलक्या घेतायत. घेऊ द्या. त्यांचं कुणाशी भांडण दिसत नाही.

येवल्याची गोष्ट आहे. येवला म्हटलं की काय? — पैठणी! बघा, बायकांच्या बाजूनं कसा पटकन आवाज आला! देवाचं नाव घ्या म्हटलं तर इतका येत नाही.

तर त्या येवल्यात वाघचौरे बंधूंचा फोटो स्टुडिओ. थोरला दिगंबर, धाकटा पद्माकर. लग्न-मुंजीचे फोटो काढायचेच, पण मुख्य काम पैठण्यांचं. आता साडी दुकानात जाऊन किती जण घेतात? मोबाइलवर बघायची, बोट दाबायचं, झालं! म्हणून विणकरानं साडी आणून द्यायची, या भावांनी तिचा फोटो काढायचा, संगणकावर रंग नीट करायचा आणि गिऱ्हाइकाला धाडायचा. संगणक एक, पण त्याला पडदे दोन. डाव्या पडद्यासमोर दिगंबर, उजव्या पडद्यासमोर पद्माकर. फोटो एकच, दोन्हीकडे दिसणारा. थोरल्यानं रंग बघायचा, धाकट्यानं डाग-सुरकुत्या काढायच्या.

डावीकडची खुर्ची वडिलांची. अण्णा गेले, तिथं थोरला बसला. थोरल्याच्या गादीवर धाकट्यानं बसायचं नाही, ही आपली रीत. आणि धाकट्याच्या जागेवर थोरला कशाला बसेल? मान आहे की नाही काही! वर्षानुवर्षं हातभर अंतरावर बसले, पण एकमेकांच्या खुर्चीवर कुणी टेकलं नाही. रीतीला मी नावं ठेवत नाही हो. पुढे ऐका.

एके दिवशी यमुनाबाई आल्या. माग चालवणारी बाई, नवरा नाही, हातातल्या कलेवर घर उभं. पदराखालून पुडकं काढलं. म्हणाल्या, "बाबांनो, मागची साडी परत आली. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत जांभळी होती, हातात आली ती भलतीच. ही दुसरी. वांगी रंगाची. अर्धं वर्ष मागावर बसलेय मी. लेकीचं बाळंतपण विहिणीच्या अंगावर टाकलं हिच्यापायी. हीसुद्धा परत आली तर पुन्हा माग मांडायची उमेद नाही माझ्यात."

असं म्हणून बाई गेल्या. भावांनी फोटो काढला, पडद्यांवर उघडला. साडी दिली कपाटात ठेवून.

दिगंबर म्हणाला, "पद्या, तांबूस आलीय रे. लाल कमी कर."

पद्माकर म्हणाला, "तांबूस? दादा, निळी पडलीय ती! लाल वाढवायला पाहिजे."

"मला रंग शिकवतोस? मी अण्णांच्या हाताखाली शिकलोय."

"मग मी काय तुझा पाटीवाला आहे?"

झालं! दादा जेवायला गेला की हा लाल घालणार. हा पान खायला गेला की दादा लाल काढणार. त्या वांग्याचं पार भरीत झालं, मंडळी! आणि शेजारच्या पडद्याकडे दोघं बघायचे ते कसं? असं — मान न वळवता, तिरकं. आता तिरकं बघितलं की त्या पडद्यांचा रंग आणखीनच बदलतो. पडद्यांचंच कशाला, तिरकं बघितल्यावर सख्ख्या बहिणीचा चेहरासुद्धा धड दिसत नाही.

शेवटी पद्माकर म्हणाला, "दादा, दोष तुझा नाही नि माझा नाही. दोष या ग्राफिक्स कार्डाचा!"

आजीबाई, कार्ड म्हणजे रेशनचं नव्हे! संगणकाच्या पोटात एक पाटी असते. आत जे चित्र आहे ते पडद्यावर धाडायचं, एवढं तिचं काम. दोन पडदे असले तर दोन तारांमधून दोघांना धाडते. डावा थोरला, उजवा धाकटा — असलं तिला काही कळत नाही. बिचारी!

गेले दोघं नाशिकला. दुकानदारानं विचारलं, "काम काय करता?"

"फोटोचं."

"खेळ नाही ना खेळत? मग हे मधलं कार्ड रग्गड झालं. दोन पडद्यांच्या तारा लागतील एवढं बघून घ्या. मोठं घेऊन फोटोचा रंग सुधारत नाही."

दिगंबरला पटलं. पण दादाला पटलं, म्हणूनच पद्माकरला पटेना! काचेच्या कपाटात एक भलंथोरलं कार्ड होतं, तीन पंख्यांचं. "हेच पाहिजे. घ्यायचं तर दांडगं घ्यायचं." दादा म्हणाला, "अरे, तीन पंखे कशाला? फोटोला घाम येतो का?" पण ऐकतोय कोण! आणि मनात काय होतं दोघांच्या, सांगू? थोरल्याच्या मनात — येऊ दे नवं कार्ड, याचा पडदा खोटा ठरेल. धाकट्याच्या मनात — येऊ दे नवं कार्ड, दादाचा पडदा खोटा ठरेल. कार्ड घ्यायला नव्हते गेले हो, साक्षीदार विकत घ्यायला गेले होते!

स्टुडिओत आणलं, तर संगणकाच्या पेटीत मावेना. कसंबसं कोंबलं, पेटीचं झाकण उघडंच राहिलं. बटण दाबलं. तिन्ही पंखे गरगरा फिरले. फोटो उघडला. डावीकडे? तांबूस. उजवीकडे? निळा. जसंच्या तसं!

आणि मग पद्माकर जे बोलला ते ऐका. "दिगंबरराव, तुम्हाला माझं पटत नसेल तर आपण वेगळे होऊ. तुमचा पडदा तुम्हाला, माझा मला."

दादाचा दिगंबरराव झाला! 'तू'चं 'तुम्ही' झालं! सख्खा भाऊ मानानं बोलायला लागला की समजावं, घर फाटलं. दिगंबरचा हात धाकट्याच्या खांद्याकडे निघाला. पण मान! मान आडवा आला. म्हणाला, "न्या तुमचा पडदा."

पद्माकर टेबलाखाली शिरला, आपली तार उपसायला. खाली धूळ, अंधार, तारांचा नुसता गुंता. चुकून दोन्ही तारा हातात आल्या. दोन्ही पडदे काळे! घाबरला गडी. साडीचा फोटो संध्याकाळपर्यंत धाडायचा होता, भांडण नंतरही करता आलं असतं. त्यानं घाईघाईनं तारा परत खोचल्या — पण कार्डात डाव्या पडद्याची तार उजव्याच्या जागी नि उजव्याची डाव्याच्या जागी. आणि खालून ओरडला, "बघा हो, माझ्या पडद्यावर चित्र आलं का?"

दिगंबरनं तिरकं बघितलं. नीट दिसेना. मग उठला. आणि मंडळी, काही कळायच्या आत धाकट्याच्या खुर्चीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा!

टेबलाखालून आवाज येतोय, "आलं का? अहो, आलं का?" आणि हा आपला डोळे फाडून पडद्याकडे बघतोय.

कारण समोर साडी निळी होती. तारा बदलल्या होत्या, तरी निळीच! डावीकडे बघितलं, तिकडे अजून तांबूस. म्हणजे कार्ड दोघांना एकच चित्र धाडत होतं. रंग चढवत होते ते ज्याचे त्याचे पडदे!

"पद्या," दिगंबर म्हणाला, "इथून खरंच निळी दिसते रे. तू खोटं नव्हतास बोलत. मी तुला इतके दिवस खोटा म्हटलं."

पद्माकर बाहेर आला. केसात जळमटं, डोळ्यात पाणी. धुळीनं आलं म्हणा हवं तर. दादा म्हणाला, "जा, माझ्या जागेवर बस."

"दादा, ती अण्णांची गादी —"

"बस म्हणतो ना! अण्णांनी ती बसायलाच ठेवलीय."

बसला. समोर बघितलं. आणि हळूच म्हणाला, "दादा... तांबूसच आहे."

मग कुठे कपाटातली साडी आठवली! उघडली, दारातल्या उजेडात धरली. आणि काय दिसलं? तांबूस नाही, निळी नाही. यमुनाबाईंनी विणली तशी, वांगी. दोन्ही पडदे चुकलेले! दोघं खरं बोलत होते, आणि दोघांपैकी कुणालाच साडी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीन पंख्यांचं धूड नाशिकला परत केलं. मधलं कार्ड आणलं आणि पडद्याचा रंग मोजायचं एक चिमुकलं यंत्र आणलं. दोन्ही पडदे त्यानं जुळवून घेतले. जुन्या पडद्याला जेवढं जमलं तेवढंच जमलं, उरलेलं साडी समोर धरून केलं. एक दिवस उशिरा, पण फोटो गेला. साडीही गेली. आणि यमुनाबाईंचा फोन आला, "पोरांनो, ठेवून घेतली रे! तिकडची बाई म्हणाली, फोटोत होती तश्शीच आहे." स्टुडिओ अजून एकच आहे.

आता तुमच्याकडे येतो. सुटाल असं वाटलं होतं का? देव सगळ्यांना एकच उजेड धाडतो. त्यानं माझ्यासाठी वेगळी तार ओढलेली नाही नि तुमच्यासाठीही नाही. पण आपण आपल्या पडद्यावर बघतो आणि समोरच्याला खोटा म्हणतो. बायांनो, सुनेच्या जागी बसून बघितलंत कधी घर कसं दिसतं? सूनबाई, सासूच्या जागेवरून? नुसती मोठी शक्ती मागता देवाकडे, मोठं कार्ड! अरे, ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्या खुर्चीवर घटकाभर बसायला कुठली शक्ती लागते?

या मंडपात दोन सख्खे भाऊ बसलेत. बांधावरून बोलणं बंद आहे. एक या खांबापाशी, एक त्या खांबापाशी. नाव घेणार नाही. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, आणि तुम्ही सगळे आत्ता कुणाकडे बघताय तेही मला दिसतंय! बघू नका. माना खाली. टाळ उचला, मृदंगबुवा, धरा ठेका. आता गजर होईल, आणि गजर संपेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटायचे. मीसुद्धा मिटतो. कोण उठलं, कोण कुणाजवळ जाऊन बसलं, कुणी बघणार नाही. बाबांनो, उठा. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल...